साट्यालोट्याची सून

रशीदाबद्दल आमच्या बिल्डिंगमध्ये आता कोणी चांगलं बोलत नाही. मी बोलते, म्हणून माझ्याशीही दोघी-तिघी तुटक वागतात. वागू देत. मी चिपळूणची, तोंडाने फटकळ, आणि समोर कोणी वेडंवाकडं बोललं की गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. नवऱ्याला सोडून गेली, पोटच्या पोरीला टाकून गेली, शाळेच्या खोलीत एकटी राहते, असं जे सगळे म्हणतात, त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. पण ती का गेली, हे कोणी विचारत नाही. ते मला ठाऊक आहे, म्हणून सांगते.

मस्कतजवळ अल अमेरातला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि रशीदाचं घर बरोबर खाली, दुसऱ्यावर. आमचे हे, म्हणजे दयानंद, रुसैलला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. मी आणि रशीदा एकाच शाळेत. मी गणित शिकवते, ती इतिहास. ती बाणकोटच्या खाडीकाठची, मंडणगड तालुक्यातली. आमचा धर्म वेगळा, पण सुकटीची चटणी एक आणि शिव्याही जवळजवळ त्याच, त्यामुळे पहिल्याच महिन्यात आमचं जमलं. तिच्या नवऱ्याचं, यासिरभाईचं, रुस्ताकला बाजारात इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. तो आठवडाभर तिथेच राहायचा, दुकानामागच्या खोलीत, आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. एरवी घरात तिघी: रशीदा, तिची मुलगी महेक आणि सासू अमीरुन्निसाखाला.

खालांबद्दल वाईट बोलायचं नाही असं मी ठरवते आणि दर वेळी ते मोडतं. बाई हुशार आहे. ओमानात आली तेव्हा रुस्ताकपर्यंत धड रस्ता नव्हता म्हणतात, आणि नवऱ्याच्या बरोबरीने तिने ते दुकान उभं केलं. पण स्वयंपाकघरात कुठला डबा कुठल्या फळीवर, हे आजही तीच ठरवणार. सून वीस वर्षं त्या घरात राहिली आणि पाहुणीसारखी विचारून मीठ घ्यायची. मी एकदा म्हटलं, अगं, डबा उचल आणि दुसरीकडे ठेव, काय करेल म्हातारी? तर रशीदा म्हणाली, मला काही करणार नाही, पण तिकडे गावाला सबीहाचा डबा हलेल.

ही सबीहा कोण, तर यासिरभाईची बहीण. आणि इथेच सगळी गोम आहे. रशीदाचं लग्न साट्यालोट्याचं. म्हणजे दोन घरांनी एकमेकांना मुली दिलेल्या. रशीदा यासिरला दिली आणि यासिरची बहीण सबीहा रशीदाच्या भावाला, नुमानला केली. एकाच दिवशी, एकाच मांडवात. तुमची आमच्याकडे, आमची तुमच्याकडे, म्हणजे दोघी सुखात राहतील, असा हिशेब. मी गणिताची बाई, मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हिशेब चोख वाटला. आपली मुलगी दुसऱ्याच्या घरात असताना त्याच्या मुलीला कोण छळेल?

कोणी छळलं नाही, हेही खरं. पण एकीला जे मिळेल तेच दुसरीला, आणि एकीला जे नाही ते दुसरीलाही नाही, असा खेळ सुरू झाला. इकडे रशीदाला नोकरीची परवानगी मिळाली, तर तिकडे सबीहाला शिवणाचा क्लास काढून द्यावा लागला. सबीहाला माहेरी येऊन जायला वर्षभर मिळालं नाही, तर रशीदानेही त्या वर्षी तिकिटाचा विषय काढायचा नाही. मग रशीदाचे वडील वारले. तेव्हा तिचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी ऑफिसात अडकलेला, आणि यासिरभाईने धावपळ केली नाही. मातीला नाही तर नाही, निदान चाळिसाव्याला तरी जायचं होतं तिला. तेही राहिलं. पुढे काही वर्षांनी खालांचा नवरा इथे मस्कतला वारला. तेव्हा नुमानने सबीहाला पाठवलं नाही. तिचा पासपोर्ट अडकला नव्हता. कपाटात होता.

त्यानंतर दोन्ही घरं एकमेकांशी फक्त ईदेला बोलायची, तेही बायकांमार्फत. आणि बायका म्हणजे कोण, तर याच दोघी. रशीदा आईशी फोनवर बोलायची तेव्हा खाला हॉलमध्ये टीव्हीचा आवाज कमी करून बसायची. सबीहा आईशी बोलायची तेव्हा नुमान ओटीवर. कुणाला काही मनातलं सांगायची सोयच नाही. शाळेच्या बसमध्ये रशीदा माझ्याशेजारी बसायची आणि बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, बोलायची सवय गेलीय."

मागच्या वर्षी शाळेत प्रदर्शन होतं, 'समुद्राकाठची राज्यं' या विषयावर. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. मस्कत आणि झांझिबार सगळ्यांना हवं होतं, ते दुसऱ्या बाईंना मिळालं. रशीदाच्या चिठ्ठीत निघाला बाल्टिक समुद्र. डेन्मार्क, स्वीडन, पोलंड, तीनचारशे वर्षांपूर्वीचे. मी म्हटलं, कपाळ तुझं, त्या बर्फात कोण बघायला येणार? तिने ते मनावर घेतलं. लायब्ररीतून आणि नेटवरून वाचत बसली. मग नववीच्या पोरांना घेऊन अर्ध्या भिंतीएवढा तक्ता केला. राजे चौकटीत आणि कोणाचं लग्न कोणाच्या घरात झालं, त्या लाल रेघा. बघावं तिकडे रेघा. मी म्हटलं, अगं, हे तर सगळे एकमेकांचे मेहुणेच आहेत की. रशीदा म्हणाली, मेहुणे आहेत म्हणून तर लढतायत.

दुपारच्या सुट्टीत आम्ही त्या तक्त्याखाली डबा खायचो आणि ती मला एकेक रेघ सांगायची. एक ॲना होती, डेन्मार्कची राजकन्या, चौदा वर्षांची. तिचं लग्न स्कॉटलंडच्या राजाशी लागलं आणि नवरा मांडवात नाहीच. त्याच्या जागी त्याचा एक सरदार उभा. पोरं खो खो हसली, तेव्हा रशीदाने त्यांना सांगितलं की आमच्यात अजून फोनवर निकाह होतात, हसू नका. मग ती पोर जहाजात बसून नवऱ्याकडे निघाली आणि वादळात सापडली, नॉर्वेच्या किनाऱ्याला जाऊन लागली. ते वादळ म्हणे चेटकिणींनी आणलं, म्हणून दोन्ही देशांत बायका जाळल्या. मी म्हटलं, वादळ समुद्रात, आणि जाळायच्या बायका. काय मेले लोक.

पण रशीदाचा जीव गुंतला तो दुसऱ्या एका रेघेत. उल्रिका एलेओनोरा. नावच एवढं लांब की पोरं तिला उल्रिकाआंटी म्हणायची. तिचा भाऊ डेन्मार्कचा राजा आणि नवरा ठरलेला स्वीडनचा राजा. साखरपुडा झाला आणि भाऊ आणि होणारा नवरा यांच्यात लढाई जुंपली. घरचे म्हणाले, मोड. तिने मोडलं नाही. उलट डेन्मार्कमध्ये कैदेत पडलेल्या स्वीडनच्या शिपायांसाठी तिने आपले दागिने गहाण टाकले, असं सांगतात. मग तह झाला आणि ती दिली गेली. तिकडे जाऊन बघते तर सासू गादीवर घट्ट. पहिला मान सासूचा, मग हिचा. स्वीडनच्या लोकांना ती डेन्मार्कची, म्हणजे शत्रूची. पोरं झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. ती स्वतः छत्तिसाव्या वर्षी मेली. आणि नवऱ्याने नंतर आपल्या आईला सांगितलं म्हणे, की ती गेल्यापासून मला सुखाचा दिवस नाही.

"आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला?" मी म्हटलं.

रशीदा हसली. मग तक्त्याकडे बघत म्हणाली, "राजे बघ कसे चौकटीत आहेत, सुगंधा. बायकांना चौकट नाहीये. बायका म्हणजे नुसती रेघ." मी तिच्या डब्यातली भाकरी घेतली आणि म्हटलं, जेव आधी.

प्रदर्शन झालं आणि थोड्याच दिवसांनी सबीहा मस्कतला आली. खालांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. सबीहाने नवऱ्याला विचारलं, जाऊ का? नुमान नको म्हणाला, नेहमीसारखा. पण बापाच्या वेळी एकदा गप्प बसलेली बाई आईच्या वेळी बसली नाही. मुलाला, ओवेसला, सांगून तिने तिकीट काढलं आणि व्हिजिट व्हिसावर निघून आली. विमानतळावर पोचायच्या आधीच नुमानचा निरोप येऊन पडला होता, की गेलीस ती गेलीस, परत या घरात यायचं नाही.

आता साट्यालोट्यात याचा अर्थ काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. इकडची मुलगी परत आली, म्हणजे तिकडची परत जायला हवी. खाला हॉस्पिटलच्या कॉटवर होती तेव्हाच तिने रशीदाच्या सामानाचा विषय काढला. आणि मजा बघा, नुमानचंही तेच म्हणणं. त्यांनी त्यांची नेली, आपण आपली आणायची. बहिणीसाठी म्हणे माडीवरची खोली रंगवून घेतो. सासरचे म्हणतात जा, माहेरचे म्हणतात ये, दोघांचं एकमत, आणि त्यात हिला काय हवंय ते कोणाच्या खिजगणतीत नाही. महेक बारावीला होती. तिला बापाकडेच राहायचं होतं, म्हणजे आईने पोरीला इथे ठेवून जायचं. यासिरभाई ना हो म्हणत होता ना नाही. तो आपला गुरुवारी येऊन जेवून झोपायचा. खाली गेलं की घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या.

मला वाटलं होतं, सबीहा आणि रशीदा एकमेकींच्या झिंज्या उपटतील. तसं काही झालं नाही. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर कांदा चिरत बसायच्या. एकदा मी वाटी मागायला गेले तेव्हा रशीदा तिला विचारत होती, आईचा डावा डोळा अजून पाणावतो का? आणि सबीहा सांगत होती, सकाळी उठल्या उठल्या पाणावतो, मी गुलाबपाण्याच्या घड्या ठेवते. मग सबीहाने विचारलं, अम्मी रात्री किती वेळा उठते? रशीदाने सांगितलं, दोनदा, आणि पाणी कोमट लागतं. मी वाटी न घेताच वर आले. वीस वर्षं एकीने दुसरीची आई सांभाळली, आणि आपल्या आईची चौकशी करायची तर दुसरीला विचारायची. मला घरी येऊन रडू आलं. दयानंद म्हणाले, तू यांच्यात पडू नकोस. मी म्हटलं, पडले नाही अजून.

मग जमातीचे अहमदचाचा मध्ये पडले. मस्कतमध्ये आमच्या कोकणातली मुसलमान मंडळी आहेत, त्यांच्यात कुठे भांडण झालं की ते जाऊन मिटवतात. माणूस सज्जन. इथेही त्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांनी तोड काढली ती अशी: दोन घरं तुटतायत, तर नवी गाठ मारा. सबीहाचा ओवेस आणि रशीदाची महेक. मामाच्या घरात भाची. आत्ता बोलणी पक्की करायची, बारावी झाली आणि पोर अठरा पूर्ण झाली की निकाह. सबीहा मुलाची आई म्हणून मानाने परत जाईल, रशीदा मुलीची आई म्हणून मानाने इथे राहील. नुमान फोनवर विरघळला. खाला कॉटवरून उठून बसली. सबीहानेसुद्धा सुटकेचा श्वास टाकला, तिचं तरी काय चुकलं? यासिरभाई त्या आठवड्यात पहिल्यांदा जेवणावर दोन शब्द बोलला म्हणतात. सगळ्यांचा तह झाला.

रशीदा मला बसमध्ये म्हणाली, "मी वाचले, सुगंधा." आणि खिडकीकडे तोंड करून बसली. वाचलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता.

महेकला कोणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण कसं, तर खालांनी तिला जवळ घेऊन सांगितलं की तू हो म्हणालीस तर अम्मी इथेच राहील. सतरा वर्षांची पोर. इथेच जन्मली, इथेच शाळा. मराठी बोलते ती अडखळत, गावाला गेली की चुलीच्या धुराने तिला खोकला येतो. तिला फिजिओथेरपी शिकायची होती, आजीचे व्यायाम घेता घेता तिच्या डोक्यात ते आलं होतं. माझी आकांक्षा आणि ती एका वर्गात. एक दिवस आकांक्षा घरी आली ती मुकाट. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, महेक हो म्हणणार आहे. तिचं म्हणणं, मला ओवेस आवडतो की नाही हा प्रश्नच नाहीये, मी नाही म्हटलं तर अम्मीला जावं लागेल, सो आय विल जस्ट डू इट.

आता हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं का? दयानंद म्हणतात, हो. मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये रशीदाला शब्दन्‌शब्द सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. उतरताना फक्त एवढंच विचारलं, की शाळेच्या आवारात मागे ज्या खोल्या आहेत, एकट्या शिक्षिकांसाठी, त्यांतली एखादी रिकामी आहे का.

मला आधी तिचं डोकं कळलंच नाही. मी म्हटलं, खोली कशाला, तू घरातच राहा आणि ठणकावून सांग, पोर देणार नाही. ती म्हणाली, मग मला गावाला पाठवतील आणि मी गेल्यावर पोर देतील. बरं, म्हटलं, मग गावाला जा, महेकला घेऊन. म्हणाली, तिथे तर मुलाचंच घर. मी म्हटलं, आई जेवू घालीना नि बाप भीक मागू देईना, अशातली गत झाली ही. तेव्हा तिने मला हळूहळू समजावून सांगितलं, वर्गात पोरांना सांगते तसं. दोन्ही घरं हिशेबाची पक्की आहेत. एक सून ठेवली किंवा परत केली, दोन्हीतला काहीतरी हिशेब लागतो. पण ना ठेवली ना परत केली, अशी बाई मध्येच उभी राहिली तर हिशेब लागत नाही. आणि जी बाई आपण होऊन नवऱ्याचं घर सोडून एकटी राहते, तिच्या मुलीला आमच्यात कोण मागतं? नुमान तर मुळीच मागणार नाही. त्याला अब्रू फार.

मी म्हटलं, अगं पण तुझं नाव जाईल. महेक तुला काय म्हणेल?

ती म्हणाली, "म्हणू दे. शिकेल तरी."

मी हेडबाईंशी बोलले. खोली मिळाली. व्हिसा नवऱ्याच्या नावावरून शाळेच्या नावावर घ्यायचा तर नवऱ्याची संमती लागणार होती, आणि तिथेच सगळं अडणार असं मला वाटलं होतं. रशीदा एकटी रुस्ताकला जाऊन यासिरभाईच्या दुकानात उभी राहिली. तिने त्याला कारण सांगितलं नाही, नुसता कागद पुढे केला. त्याने गिऱ्हाईक गेल्यावर सही केली. चहा मागवला. तो तिच्यासाठी होता की सवयीने मागवला, ते तिला समजलं नाही. मी पुष्कळदा विचार करते, की त्या माणसाला कळलं होतं का. कळलं असेल तर तो तोंड उघडून एकदा बोलला का नाही? आणि कळलं नसेल तर सही का केली?

बोलणी पक्की करायची ती शुक्रवारी दुपारी, नमाजनंतर. मला बोलावणं होतं, मी सांदणं घेऊन गेले होते. अहमदचाचा आणि आणखी दोघं सोफ्यावर, खाला पाय लांब करून, सबीहा दारात, फोनच्या पडद्यावर नुमान नवी टोपी घालून. महेक आत होती. रशीदा बॅग घेऊन बाहेर आली. तिने डोक्यावरची ओढणी नीट केली आणि जे सांगायचं ते उभ्या उभ्या सांगितलं.

"मी आजपासून या घरात राहणार नाही. नुमानच्या घरीही जाणार नाही. शाळेच्या खोलीत राहीन. मला कोणी हाकललेलं नाही, मी माझ्या मर्जीने चाललेय, हे चाचांनी ऐकून ठेवावं."

खालांना वाटलं, रागाने बोलतेय, उतरेल राग. नुमान पडद्यावरून विचारत राहिला, काय म्हणाली, काय म्हणाली? चाचांनी तिला विचारलं, बेटी, कोणी काही बोललं का तुला? ती नाही म्हणाली. मग नुमानला समजलं आणि त्याने फोनवर जे तोंड सोडलं, ते मी लिहिणार नाही. सख्ख्या भावाने सख्ख्या बहिणीला ते शब्द वापरले, चार पुरुषांच्या देखत. ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती. यासिरभाई भिंतीला टेकून होता. महेक आतून धावत आली आणि तिने आईचा दंड धरला. अम्मी, प्लीज, आय सेड येस ना, मी हो बोलले ना, असं म्हणत राहिली. रशीदाने तिची बोटं सोडवली. मी बघितलं, एकेक करून सोडवली. मग माझ्याकडे न बघता जिना उतरली.

मी मागून गेले आणि तिच्याबरोबर टॅक्सीत बसले. टॅक्सीत ती रडली नाही. खोलीत पोचल्यावर पंख्याचं बटण सापडेना, तेव्हा रडली.

त्याला आता काही महिने झाले. खोली बरी आहे. एक कॉट, एक शेगडी, खिडकीतून बोडके डोंगर दिसतात. मिठाचा डबा तिला हवा तिथे आहे. पण बाई खोलीत सुकत चालली. दोन माणसांचा भात करायची आणि उरलेला सकाळी खायची. शाळेत बाकीच्या शिक्षिका तिच्याशी जपून बोलायच्या, जणू काही लागेल. आईला फोन केला तर नुमान उचलायचा आणि ठेवून द्यायचा. ईदेला मी शिरखुर्मा घेऊन गेले, जमेल तसा केला होता. तिने एक चमचा घेतला आणि म्हणाली, मला फार एकटं वाटतं गं. एवढं वाटेल असं वाटलं नव्हतं. मी तिचे पडदे शिवून दिले.

आणि महेक आईला भेटायला आली नाही. आकांक्षाला सांगायची, शी जस्ट लेफ्ट मी. माझ्या जिभेवर सतरांदा आलं, की पोरी, तुला सांगते ऐक. पण रशीदाने मला कुराणाची नाही, माझ्याच गणपतीची शपथ घातली होती, लबाड बाई. नुमानकडून हो किंवा नाही येईपर्यंत बोलायचं नाही. आधी कळलं तर पोर उलट आईला घरी आणायला म्हणून हटकून हो म्हणेल.

मागच्या शनिवारी मी तिच्याकडे पडदे लावायला गेले होते. स्टुलावर उभी होते तेव्हा दार वाजलं. महेक. चपला न काढता उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, काल मामूचा फोन आला, दे सेड नो. अशा बाईची मुलगी नको म्हणाले. आणि सबीहाआत्तेला ओवेस स्वतः येऊन घेऊन जाणार आहे, त्याने बापाला सांगितलं की आई नसेल तर मीही नाही. दादी रडते, म्हणते, तुझ्या आईमुळे आता तुला कोणीच मागणार नाही.

रशीदा कॉटवर बसली होती. तिने विचारलं, तुला वाईट वाटलं?

महेकने मान हलवली, नाही. मग काहीतरी विचारायला तोंड उघडलं. तिला मराठीत शब्द सापडत नव्हते, आणि इंग्रजीत विचारायचं नव्हतं बहुतेक.

"अम्मी, तू हे... जाणून केलं?"

"हो."

"मला का नाही सांगितलं? मी रोज तुला वाईट बोलत होते."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," रशीदा म्हणाली. "मी घरी राहावं म्हणून."

पोर खाली बसली, तशीच चपलांसकट, आणि आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मी स्टुलावरून उतरले नाही, उगीच पडद्याच्या कड्या मोजत राहिले. खाली गाडीचा हॉर्न वाजला. यासिरभाईने तिला आणलं होतं, तो वर आला नाही. महेक म्हणाली, अब्बा वेट करतायत, मी नेक्स्ट वीक येते. तोंड पुसून गेली. रशीदा खिडकीशी जाऊन उभी राहिली, गाडी फाटकातून बाहेर वळेपर्यंत.

मला वाटलं, आता हिचं मन हलकं झालं असेल. सगळं तिच्या मनासारखं झालं होतं की. पोर सुटली, सबीहाला घर मिळालं, हिच्या आईलाही सबीहा परत मिळणार. मी तसं म्हणालेसुद्धा. ती खिडकीतून वळली आणि लहान मुलीसारखी माझ्याकडे बघत म्हणाली, "सुगंधा, मला घरी जायचंय गं."

कुठल्या घरी, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी स्टुलावरून उतरले, हातातल्या कड्या खाली ठेवल्या आणि तिला घेऊन कॉटवर बसून राहिले.